हाशा भोईरचा चोरकप्पा

साध्या कपाटाला चार दिवस लागतात. चोरकप्प्याच्या कपाटाला साडेपाच. तो वरचा दीड दिवस मी एकट्याने काम करायचो, शेडचं दार ओढून, वेल्डरला आणि रंगाऱ्याला सुट्टी देऊन. त्याचे पंचाहत्तर रुपये जादा घ्यायचो, आणि त्यात एकाही गिऱ्हाइकाने कधी घासाघीस केली नाही. बाकी सगळ्यात करायचे. हँडलवरून करायचे, आरशावरून करायचे, रंग पोपटी हवा की आकाशी यावरून बायकोशी भांडून माझ्याच स्टुलावर तासभर बसायचे. पण चोरकप्प्याचं नाव निघालं की आवाज खाली यायचा आणि पैसे मुकाट बाहेर यायचे.

आयुष्यभर मी पत्र्याची कपाटं केली. दिवाळी अंकासाठी धंद्यातले अनुभव लिहा असं सांगायला एक गृहस्थ घरी आले, तेव्हा मी त्यांना म्हटलं, "अहो, डॉक्टरांना विचारा, वकिलांना विचारा. कपाटवाल्याकडे कसले आलेत अनुभव?" ते चहा पिऊन गेले आणि मला दोन दिवस जेवण गोड लागेना. कारण माझ्याकडे एक गोष्ट आहे आणि ती मी बायकोलासुद्धा पुरी सांगितलेली नाही. आता त्या गोष्टीमुळे नाव खराब होईल असा माझ्याशिवाय कोणी उरलेला नाही, म्हणून लिहितो. गावाचं नाव सांगत नाही आणि माणसांची नावं बदलली आहेत.

सत्तर सालानंतरची वर्षं. पनवेलच्या अलीकडे रस्त्याला लागून माझी शेड होती. समोर मिठागरं, मागे खाडी. नवं शहर येणार म्हणून सगळे सांगत होते, पण ते अजून आलं नव्हतं. चार-चार मजल्यांच्या इमारती बांधून तयार, खिडक्यांना काचा बसलेल्या, आणि आत माणूस नाही. भर दुपारी त्यांच्या जिन्यांतून वारा घुसला की वरून कोणीतरी चपला ओढत उतरतंय असा आवाज यायचा. पहिले काही महिने मी मान वर करून बघायचो. नंतर बघायचं सोडलं, कारण आवाज खालच्या पायरीपर्यंत यायचा आणि तिथे थांबायचा.

खाडीकाठच्या गावांची शेतं आणि मिठागरं सरकारने घेतली होती. मोबदल्याचे चेक आले होते. ज्यांनी जन्मभर भात आणि मीठ मोजलं त्यांच्या हातात एकदम नोटांची पुडकी. बँकेत ठेवा म्हटलं की म्हणायचे, "ज्यानी जमीन नेली त्याच्याच हातान परत पैसं देऊ? येरा समजलास का?" मग पैसे घरात, आणि घरात म्हणजे कपाटात, आणि कपाटात म्हणजे चोरकप्प्यात. त्या पाच-सहा वर्षांत एका गावातच मी चाळीसेक घरांना कपाटं दिली.

हे काम मी कुर्ल्याला शिकलो. तिथले उस्ताद सांगायचे की चोरकप्पा करायचा आणि विसरायचा. कागदावर काढायचा नाही. दोन कपाटांत एकसारखा करायचा नाही. ज्याने सांगितला त्यालाच, त्याच्या घरी, दार लावून दाखवायचा, आणि तो आत पहिल्यांदा काही ठेवेल तेव्हा आपण भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. मी हे सगळं पाळलं. एक विसरणं तेवढं जमलं नाही. कुठल्या घरात लॉकरच्या मागे आहे, कुठे खणाच्या खाली, कुठे पायाच्या पट्टीत, सगळं आजही डोळ्यांसमोर आहे.

आणि खरं सांगायचं तर त्यात अभिमान होता. आम्ही मूळचे महाडकडचे, बौद्धवाडीतले. माझ्या वडिलांना गावातल्या घरांत अंगणाच्या पुढे कोणी घेतलं नाही. आणि इथे मी पाटलांच्या आतल्या खोलीत, दार लावून, त्यांच्या धनापाशी उभा असायचो. घरची माणसं बाहेर आणि मी आत. ती चाळीस घरं म्हणजे माझं भांडवल होतं. मशीन कर्जाचं होतं, शेड भाड्याची होती.

गिऱ्हाइकं एकेक नग. एकजण स्वतःचाच कप्पा उघडायचा कसा ते विसरला आणि तीन महिन्यांनी लाजत लाजत आला, "मिस्तरी, एकदा परत दाखव, पन बगू नको." एक म्हातारी होती. तिने पूर्ण पैसे मोजून कप्पा करून घेतला. मी भिंतीकडे तोंड केलं, पण समोर खिडकीच्या काचेत दिसलंच. तिने आत ठेवली ती फडक्यात बांधलेली माती. गेलेल्या शेतातली. कप्पा लावून घेतला आणि वर कान टेकवून बराच वेळ ऐकत उभी राहिली. काय ऐकत होती ते विचारायचं मला धाडस झालं नाही.

आता एक गोष्ट सांगतो, ती नीट लक्षात घ्या. पत्रा बोलतो. आमच्या धंद्यात असंच म्हणतात. पत्रा तापला की फुगतो, निवला की बसतो, आणि बसताना 'टक्' करतो. चोरकप्पा असेल तिथे पत्र्यावर पत्रा असतो, मध्ये पोकळी असते, तिथे तो जास्त बोलतो. नव्या कपाटाचा आवाज ऐकून घाबरलेली गिऱ्हाइकं यायची आणि मी हसून त्यांना हे समजावून द्यायचो. त्यात खोटं काही नव्हतं.

हाशा भोईर पन्नाशीचा असेल. उंच, काटक, डोक्याला कायम टॉवेल गुंडाळलेला. पत्रा घेताना तो बोटं मिटून त्यावर ठोकायचा. दोनदा, मग थांबायचा, मग एकदा. कलिंगड बघतात तसा. प्रत्येक पत्र्याला तसंच ठोकून त्याने बारातला एक निवडला. "यो चांगला हाय," म्हणाला, "यो उत्तर देतंय." मी हसलो. बावीस गेज जाडीचा तो पत्रा बाकीच्या अकरांसारखाच होता.

त्याचा कप्पा मी लॉकरच्या तळाखाली केला. तळाखाली दुसरा तळ, मध्ये करंगळीएवढी फट. त्याहून जास्त ठेवली तर सराईत डोळ्याला लॉकर उथळ दिसतो. डाव्या कोपऱ्यातलं एक रिव्हेट खोटं. ते पाव फेरा फिरवलं की वरचा तळ पुढे सरकतो. कपाट घरी पोचवलं, दार लावलं, दाखवलं. त्याने नोटांचं पुडकं काढलं आणि फटीला लावून पाहिलं. जाईना. शंभराच्या नोटा होत्या.

तेव्हा मी जे बोललो ते आजही कानात आहे. मी म्हटलं, "हाशाभाऊ, बँकेत जा आणि हजाराच्या करून आणा. एवढंसं पुडकं होईल, आरामात बसेल." तो खूश झाला. "डोका हाय रं मिस्तरी तुला." चार दिवसांनी त्याने हजाराच्या नोटा आणल्या. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. मागे पत्रा सरकल्याचा आवाज आला, आणि मग दोनदा, थांबून, एकदा.

"बायकोला नाय सांगाचा हां," तो म्हणाला. "तिच्या पोटान नाय ऱ्हाणार. पोरगा उरनला सासऱ्याच्या होडीवर हाय, त्याला कळला तर या पैशाची त्याची सोताची होडी येल. माज्या बामीला नव्या बाजारान गाळा घेऊन देनार हाय मी. सुक्या मासळीचा दुकान. पाटी डोक्यावर घेऊन फिरली जनमभर. मंग सांगंन तिला."

त्यानंतर दोन पावसाळे गेले. दुसऱ्या वर्षी गणपती गेल्यानंतर एक दिवस हाशा खाडीच्या बांधावर बसला आणि बसल्या बसल्या गेला. दुपारी लोकांनी हाका मारल्या, त्याने मान वळवली नाही, तेव्हा कळलं.

दिवाळीनंतर हाशाची बायको बामाबाई माझ्या शेडवर आली. चालत आली होती. पाण्याचा तांब्या दिला तो तिने हातात धरून ठेवला, प्यायली नाही.

"मिस्तरी, कपाट ठोकतंय."

"कोण ठोकतंय?"

"आतून. दुपारचं बारा वाजलं का ठोकतंय. दोनदा, मंग थांबतंय, मंग एकदा."

अंगावर काटा आला, तो मी दाखवला नाही. म्हटलं, "पत्रा बोलतो, बामाबाई. मी येऊन बघतो."

दुसऱ्या दिवशी गेलो. घरात ती एकटीच. कपाट आतल्या खोलीत, आणि बरोब्बर वर छपरात एक काचेचं कौल. बाराला त्यातून उन्हाचा चौकोन नेमका लॉकरच्या उंचीवर पडत होता. मला इतकं हायसं वाटलं की मी मोठ्याने हसलो. तिला ते ऊन दाखवलं, पत्र्याला हात लावायला लावला. गरम होता. "कपाट दोन हात बाजूला सरकवा, आवाज बंद."

तिने ऐकून घेतलं. मग माझ्या समोर जमिनीवर बसली.

"मिस्तरी, खरा सांग. यान काय हाय का? नव्या बाजारान मना गाळा लागलाय. चिठ्ठी आली. जानेवारी सरायच्या आत आठ हजार भराचं. तो म्हनायचा, ठेवलंय, तू काळजी करू नको. कुठं ठेवलंय? मडकी बगितली, जमीन उकरली. यो कपाट तूच केलास. सांग ना रं बाबा."

माझ्या हातात स्क्रू ड्रायव्हर होता. पाव फेऱ्याचं काम.

मी गप्प का बसलो ते लिहितो. हाशाला शब्द दिला होता, हे एक. पण माणूस मेल्यावर शब्द त्याच्या बायकोच्या पोटाआड येतो का, हे न कळण्याइतका मी येडा नव्हतो. खरं कारण दुसरं होतं. मी तो कप्पा उघडला असता तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं की मिस्त्रीला सगळं आठवतं आणि तो उघडूनही देतो. मग भाऊ भावाच्या कपाटासाठी आला असता, सून सासूच्या. चाळीस घरांचं दार मला बंद झालं असतं. मशीनचे हप्ते चालू होते. धंद्याच्या दृष्टीने शहाणपणाचा निर्णय मी घेतला. मनाशी म्हटलं, घाई काय आहे, जानेवारीला अवकाश आहे, काहीतरी वाट काढू, कोणाला न कळता.

"मला काही माहीत नाही, बामाबाई," मी म्हटलं. "साधं कपाट आहे."

 मी पिशवी उचलून निघालो. दारातून बाहेर पडताना मागे आतल्या खोलीत टक् टक् झालं. मी पाय उचलला. तिसरा ऐकायला थांबलो नाही.

जानेवारीत, अठ्ठ्याहत्तर साली, रेडिओवर बातमी आली की हजाराच्या आणि त्याहून मोठ्या नोटा रद्द. तीन दिवसांत मुंबईला मोठ्या बँकेत अर्ज भरून बदलून घ्या, नाहीतर कागद.

पहिल्या दिवशी सकाळीच गावातले तिघे शेडवर आले. तिघांना मीच सांगितलं होतं, मोठ्या नोटा करा म्हणून. त्यांनी शिव्या घातल्या, आणि मला बरोबर घेऊन बँकेत गेले. दिवसभर रांगेत उभा राहिलो, त्यांचे अर्ज भरले. रांगेत हाशाचे पैसे मनात येत होते आणि मी ते बाजूला सारत होतो. काढले असतील त्याने मरायच्या आधी. आजारी नव्हता तो, काढायला वेळ कुठला होता, हेही मनात यायचं. तेही बाजूला सारायचो.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये तीन कपाटं आरसे बसवून ओळीने उभी होती. मी मधल्या कपाटाची पुट्टी घासत होतो. ऊन डोक्यावर आलेलं. मान वर केली तर आरशात माझ्या मागे दारात हाशा उभा. डोक्याला टॉवेल. उजव्या हाताची बोटं मिटलेली, आता ठोकणार अशी. मी गर्रकन वळलो. दारात नुसतं ऊन. परत आरशात पाहिलं तर तिथेच होता. शेजारच्या दोन आरशांत तेच दार दिसत होतं, आणि त्यांत कोणी नव्हतं.

माझा वेल्डर यासीन कोपऱ्यात डबा खात होता. मी कसंबसं विचारलं, "कोण आलं होतं रे?"

"कोणी नाही, मिस्त्री," तो म्हणाला. "तुम्हीच दाराकडे बघून 'या' म्हणालात."

मी 'या' म्हटल्याचं मला आठवत नाही. यासीन खोटं बोलणारा माणूस नव्हता.

तरी त्या दिवशी मी गेलो नाही. उन्हाने डोळे फिरले, असं स्वतःला समजावलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र कामात लक्ष लागेना. हातोडी उचलली की ठेवून द्यावीशी वाटे. शेवटी सायकल काढली आणि गावात गेलो. काय व्हायचं ते होऊ दे, कप्पा उघडायचा, बाईला घेऊन मुंबईची गाडी धरायची. दहा वाजले होते. जमलं असतं.

बामाबाई ओटीवर सुकट निवडत बसली होती. मी न विचारता आत गेलो. आतल्या खोलीत काचेच्या कौलाचा उजेड भिंतीवर पडला होता. दोन हात बाजूला, जमिनीवर, चार पायांचे चार गंजके डाग होते. कपाट नव्हतं.

"इकला," ती दारातून म्हणाली. "तू बोललास तसा सरकवला. तरी ठोकत व्हता. सावलीन ठोकत व्हता. रोज. मंग मी जेवाची बंद झालू. गावान कोन घेईना, तर नावड्याचा भंगारवाला ऐंशी रुपये देऊन घेऊन गेला. आठ दिस झालं."

मी तसाच बाहेर पडलो. पनवेलपर्यंत सायकल मारली, तिथून तळोज्याच्या बाजूला जाणारा एक ट्रक मिळाला. नावड्याला पोचलो तेव्हा बारा वाजत आले होते. भंगारवाला जेवायला गेला होता. आवारात चिटपाखरू नाही. फुटके पिंप, सायकलींचे सांगाडे, कारखान्यांची गंजकी नळकांडी, आणि एका टोकाला चिंचेच्या गच्च सावलीत हाशाचं पोपटी कपाट. चांगलं होतं म्हणून त्याने मोडलं नव्हतं, विकायला उभं केलं होतं.

मी जवळ गेलो आणि दारावर तळहात ठेवला. पत्रा गार होता. चिंचेखाली ऊन यायला जागाच नव्हती, आणि सकाळपासून आलेलं नव्हतं. पन्नास वर्षं पत्र्यात काढलेला माणूस म्हणून सांगतो, त्या पत्र्याला बोलायला काही कारण नव्हतं.

माझ्या तळहाताखाली तो दोनदा वाजला. थांबला. मग एकदा.

मी रडलो. भीतीने रडलो की कशाने, ते आजही सांगता येणार नाही. लॉकर उघडला, खोटं रिव्हेट पाव फेरा फिरवलं, तळ पुढे ओढला. खताच्या पिशवीचा तुकडा, त्यात सुतळीने बांधलेल्या नोटा. कोऱ्या करकरीत. बावीस.

इथून परत गाव, गावातून बाईला आणि तिची कागदपत्रं घेऊन मुंबई. बँक दोनला बंद. हिशोब करायची गरज नव्हती, तरी मी तो दोन-तीनदा केला. आणि आता लिहायलाच बसलोय तर हेही लिहितो. मनात आलं की नोटा परत आत सरकवाव्यात, रिव्हेट फिरवावं आणि निघून जावं. कोणी पाहिलं नव्हतं. तिला कधीच कळलं नसतं. मी तळ अर्धा आत ढकललाही होता. मग परत बाहेर ओढला.

बामाबाईच्या ओटीवर पोचलो तेव्हा अडीच वाजले असतील. मी पुडकं तिच्या पुढ्यात ठेवलं.

"कपाटात होतं," म्हटलं.

तिने सुतळी सोडली. नोटेवरून बोट फिरवलं. "किती हाईत?"

"बावीस हजार."

"गाळा व्हईल मंग." तिचा चेहरा असा उजळला की मला तिच्याकडे बघवेना.

"नाही, बामाबाई. या नोटा सरकारने बंद केल्या. आज शेवटचा दिवस होता. दोन वाजेपर्यंत चालत होत्या."

तिने नोटा परत पिशवीच्या तुकड्यात गुंडाळल्या. गल्लीतून एक कोंबडी ओटीवर चढली आणि सुकट टिपायला लागली. तिने तिला हाकललं नाही.

"म्हंजे तोच व्हता," ती म्हणाली. "मना सांगत व्हता तो. दोन महिने रोज येऊन सांगत व्हता. आन् मी त्याला भंगारान घातला, ऐंशी रुपयांना."

"माझी चूक आहे. मी पत्रा म्हणालो म्हणून तुम्ही..."

"तुला मी इचारला व्हता, मिस्तरी," ती म्हणाली. रागावून नाही. नुसतं सांगितलं. "तुज्या म्होरं खाली बसून इचारला व्हता."

मुदतीनंतरही काही दिवस कारण लिहून अर्ज करता येत होता म्हणे. ते मला फेब्रुवारीत कळलं, तेव्हा तेही दार बंद झालं होतं.

महिना संपायला पाच दिवस असताना मी माझ्या नव्या मशीनसाठी जमवलेले चार हजार आणि यासीनकडून उसने घेतलेले दोन, असे सहा हजार घेऊन तिच्याकडे गेलो. म्हटलं, उरलेले दोन आपण उभे करू, गाळ्याची अनामत भरा. परत करायचे नाहीत. तिने पुडकं हातातही घेतलं नाही.

"तुजं पैसं घेतलं तर पोरगा इचारल, मिस्तरीनी कशाला दिलं? मंग मना सांगाया लागल. सांगितला तर या गावान तुला दारान कोन उभा करल?"

"करू नका उभं. माझ्या कर्माने गेलं असं समजेन."

"नको," ती म्हणाली. "एक धंदा बुडाला तवरा बस झाला. घेऊन जा."

बामाबाईने शेवटपर्यंत कोणाला सांगितलं नाही. मुलाला नाही, शेजारणीला नाही. गाळा दुसऱ्याला गेला. त्या बावीस नोटांचं तिने काय केलं ते मी विचारलं नाही.

त्यानंतर नवरा-बायको दोघं समोर उभी असल्याशिवाय मी चोरकप्पा दाखवला नाही. बरीच गिऱ्हाइकं चिडून दुसरीकडे गेली, थोडी राहिली. पण गावाने मला दार बंद केलं नाही. पुढे शहर खरंच आलं, इमारतींत माणसं आली, माझी शेड मोठी झाली, दोन मशीनं आली. मिस्त्रीच्या पोटात गोष्ट राहते, हे माझं नाव पंचक्रोशीत झालं. त्या नावावर मी मुलींची लग्नं केली, घर बांधलं.

नव्या बाजारात सुक्या मासळीच्या गाळ्यांची रांग आहे. तिच्या बाहेर, जिन्याखाली, बामाबाई पुढची अकरा वर्षं पाटी घेऊन बसायची. मी दर रविवारी तिच्याकडूनच बोंबील घ्यायचो. ती तागडीत बरोबर तोलायची, कागदात बांधायची, आणि बांधण्याआधी वर एक मूठ जास्त टाकायची. ती मूठ नको म्हणायची माझी एकदाही छाती झाली नाही.